वळणावरची कटकट

पाऊस संपला की या सदराकडे आवाजांची पत्रं येतात. चार महिने चिखल, पाणी आणि खड्डे सोसलेली गाडी दसरा-दिवाळीच्या सुमारास बोलायला लागते. यंदाही तसंच झालं. त्यातल्या एका पत्राला या वेळी बरीच जागा देतो, कारण तो आवाज मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकतो आणि त्यावर लोकांचे पैसे फुकट जाताना पाहतो. बाकीची तीन पत्रं त्याच्याच शेजारची आहेत.

प्रश्न : मेस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार. मी साखळीला राहते, हायस्कुलात शिकवते. माझ्याकडे दहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, 78 हजार किलोमीटर झाले आहेत. गणेश चवथीपासून गाडी वळवताना पुढून 'कट् कट् कट्' असा आवाज येतो. आमच्या घराकडे यायला मुख्य रस्ता सोडून चढावर उजवीकडे वळावं लागतं, तिथे तर हमखास. सरळ रस्त्यावर काही नाही. एका गॅरेजमध्ये दोन्ही लिंक रॉड बदलले, आवाज तसाच राहिला. दुसऱ्या ठिकाणी आता शॉकअप बदला म्हणतात, खर्च 14 हजारांच्या घरात सांगितला आहे. महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून बेळगावला आईकडे जावं लागतं. शॉकअप बदलू का? आणि तोवर गाडी घाटात नेऊ का?
(एक वाचक, साखळी)

उत्तर : बाई, शॉकअप बदलू नका. पैसे अजून तुमच्या हातात आहेत, तोवर गाडीलाच चार प्रश्न विचारू.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. चढावर उजवीकडे वळताना हमखास, सरळ रस्त्यावर काही नाही. लिंक रॉड खराब झाला की तो खड्ड्यात वाजतो. एक चाक खाली गेलं, दुसरं वर राहिलं की 'खट्ट', मग वळण असो वा नसो. शॉकअपचंही तसंच, गतिरोधकावरून उतरताना किंवा उखडलेल्या रस्त्यावर तो बोलतो. तुमचा आवाज मात्र चाकाच्या फेऱ्यांबरोबर एका लयीत येतो आणि त्याला वळण आणि इंजिनाचा जोर दोन्ही लागतात. हे वर्णन एकाच भागाला नेमकं लागू पडतं, तो म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे समान वेगाचा) जॉइंट. गॅरेजात आम्ही त्याला नुसतं एक्सलचा जॉइंट म्हणतो.

हा भाग काय करतो ते थोडं सविस्तर सांगतो. एकदा ते डोळ्यांसमोर आलं की पुढची सगळी तपासणी तुम्हाला स्वतःलाच सुचत जाईल.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत त्या चाकांना खड्ड्याप्रमाणे वर-खाली व्हावं लागतं, स्टिअरिंगप्रमाणे वळावं लागतं आणि हे करत असतानाच इंजिनाची ताकद घेऊन फिरावं लागतं. सरळसोट लोखंडी दांड्याला हे जमणार नाही. म्हणून गिअरबॉक्समधून चाकाकडे येणाऱ्या दांड्याला दोन्ही टोकांना सांधे असतात. आतला सांधा थोडा आत-बाहेर सरकतो, कारण चाक वर-खाली झालं की दांडा कमी-जास्त लांब लागतो. बाहेरचा सांधा चाकाला लागून असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की खरा वाकतो तो हाच, 45 अंशांच्या आसपास वाकण्याची त्याची तयारी असते.

उघडून पाहिलं तर तो घंटेसारखा दिसतो. घंटेच्या आतल्या अंगाला सहा खाचा, मधल्या गोलावर सहा खाचा आणि त्या दोन्हींच्या मध्ये सहा पोलादी गोळ्या एका जाळीत बसवलेल्या. सांधा कितीही वाकला तरी या गोळ्या दोन्ही दांड्यांमधल्या कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात. त्यामुळे आतला दांडा ज्या वेगाने फिरतो त्याच वेगाने चाक फिरतं. जुन्या अँबेसिडरच्या लांब शाफ्टला जो क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा सांधा, असायचा त्यात हे नव्हतं. वाकलेल्या क्रॉसमधून पुढे जाणारा वेग एका फेऱ्यात दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टला कोन थोडा, म्हणून तिथे ते चालून जायचं. वळणाऱ्या पुढच्या चाकांत ते चाललं नसतं, स्टिअरिंग हातात थरथरत राहिलं असतं. आल्फ्रेड झेप्पा नावाच्या इंजिनिअरने 1920च्या दशकात हा सहा गोळ्यांचा सांधा काढला. इंग्लंडच्या मिनीत 1959 साली तो पुढच्या चाकांना लागला आणि आपल्याकडे तो घरोघर पोचला 1983च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800मधून.

आता आवाजाकडे येऊ. गाडी सरळ जाते तेव्हा त्या गोळ्या खाचेत जवळजवळ जागच्या जागी असतात. स्टिअरिंग वळलं की प्रत्येक गोळी चाकाच्या दर फेऱ्याला खाचेतून एकदा पुढे आणि एकदा मागे सरकते. खाच गुळगुळीत असेल तर काहीच ऐकू येत नाही. खाचेत खळगा पडलेला असेल तर गोळी त्यात पडते आणि इंजिनाचा जोर तिला काठावरून बाहेर ढकलतो. तीच तुमची 'कट्'. तुमच्या घराकडचा चढ म्हणजे पूर्ण वळण आणि पूर्ण जोर एकाच वेळी, म्हणून तिथे हमखास.

मग खळगा पडलाच का? 78 हजार किलोमीटर हे काही या सांध्याचं म्हातारपण नाही. दीड-दोन लाख किलोमीटर झालेले जॉइंट निमूटपणे चालताना मी पाहिले आहेत. बहुतेक वेळा गोष्ट बुटापासून सुरू होते. या सांध्यावर भजनाच्या पेटीच्या भात्यासारखा, घड्या-घड्यांचा रबरी बूट असतो आणि त्यात ग्रीस भरलेलं असतं. वर्षानुवर्षं वाकून वाकून घडीच्या तळाशी चीर जाते, किंवा बूट आवळणारी पट्टी गंजून सुटते. फिरणारा शाफ्ट मग ग्रीस बाहेर भिरकावतो आणि त्याच फटीतून धूळ-पाणी आत शिरतं. साखळी-डिचोलीकडे ती धूळ म्हणजे चिऱ्याची तांबडी माती. व्हॉल्व्ह घासायला आम्ही जी पेस्ट लावतो ना, ग्रीसमध्ये ही माती मिसळली की त्याच जातीचं काहीतरी तयार होतं. ते त्या सहा गोळ्यांबरोबर दर फेऱ्याला खाचेतून फिरतं आणि पोलाद खातं. आवाज येतो तो महिन्यांनंतर. बूट मात्र कधीचाच फाटलेला असतो. माझ्याकडे कामाला असलेला पोरगा गाडीखालून मला हाक मारतो, 'पात्रांव, बूट पिंजला' (मालक, बूट फाटला), तेव्हा मी आधी गाडीमालकाला विचारतो, आवाज सुरू झाला का? 'नाही' म्हणाले की मला बरं वाटतं.

तुम्हाला आजच करता येईल अशी पहिली तपासणी कानांची सांगतो, ती सोपी आहे. शाळेचं मैदान सुटीच्या दिवशी रिकामं असेलच. सोबत कुणाला तरी घ्या. रेडिओ, पंखा, एसी बंद, चारही काचा खाली. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवून पहिल्या गिअरमध्ये हळू दोन गोल मारा, अॅक्सिलरेटरवर पाय हलकासा दाबलेला. मग तसंच डावीकडे. मग दोन्ही बाजूंना रिव्हर्समध्ये. कित्येकदा पुढे जाताना कुजबुजणारा जॉइंट मागे जाताना स्पष्ट बोलतो. गोल मारताना मध्येच क्लच दाबून गाडी नुसती वाहू द्या. आवाज मंदावला किंवा गेला तर जॉइंटवरचा संशय पक्का होत जातो. क्लच दाबूनही तसाच, त्याच लयीत राहिला, तर शाफ्टला सोडा आणि चाकाकडे बघा. टायरच्या खाचेत अडकलेला खडा, सैल व्हील कॅप किंवा सैल झालेले व्हील नट. नट सैल असतील तर ते तिथल्या तिथे आवळा, गाडी तशी चालवायची नाही.

लय मोजायला एक हिशोब देतो. तुमच्या जातीच्या गाड्यांना बहुधा 165/80 आर 14 टायर असतं. त्याचा घेर दोन मीटरला थोडा कमी भरतो. ताशी 10 किलोमीटरला ते सेकंदाला साधारण दीड फेरा मारतं. वेग वाढवला की कटकट त्याच प्रमाणात भरभर व्हायला हवी. होत नसेल, वेग कितीही असला तरी एकदाच 'खट्' होऊन थांबत असेल, तर ती दुसरी भानगड आहे. ती पुढच्या पत्रांत येईल.

नंतर डोळ्यांची तपासणी. स्टिअरिंग पूर्ण वळवा, इंजिन बंद करा, हँडब्रेक लावा आणि वळलेल्या चाकाच्या मागे मोबाइलची बॅटरी मारून बघा. गाडी उचलायची गरज नाही. बूट घड्यांसकट दिसतो. चीर घडीच्या तळाशी असते, वळवलेल्या स्थितीत ती तोंड उघडते. बूट दिसला नाही तरी ग्रीस दिसेल. रिमच्या आतल्या बाजूला, शॉकअपच्या खालच्या अंगावर, लोअर आर्मवर (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्यावर) एका रेषेत उडालेले काळे शिंतोडे. (शॉकअपवर तेलकट दिसलं म्हणून शॉकअप गळतो असं कुणी म्हटलं असेल, तर हे ग्रीस एकदा पुसून पुन्हा बघा.)

या ग्रीसचा थोडा अंश अंगठा आणि तर्जनीत धरा. ते काळपट करडं असतं, त्यात मॉलिब्डेनमचं संयुग असतं म्हणून. तेव्हा काळं आहे म्हणजे खराब आहे असं समजू नका. बोटांत चोळा. चांगलं ग्रीस लोण्यासारखं सरकतं, बोटांना बोटं लागल्याचंही कळत नाही. माती गेलेलं ग्रीस किरकिरतं. उजेडात धरलं तर त्यात तांबूस झाक दिसते, आणि कधी बारीक चकाकतं. ती चकाकी म्हणजे खाचेचं पोलाद. चकाकी दिसली की जॉइंट धुऊन, नवं ग्रीस भरून वाचवायची आशा मी सोडतो.

बाजू कोणती, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण गॅरेजात तो पहिला येईल. उजवीकडे वळताना वाजलं तर डावा जॉइंट, असा आमच्यात ठोकताळा आहे, कारण वळताना बाहेरच्या चाकावर भार जास्त येतो. पुष्कळदा तो खरा ठरतो. पण आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त कोनात वळतं, त्यामुळे आतल्या चाकाचा जॉइंटही बोलू शकतो. शिवाय लोखंडातून आवाज फिरतो, ड्रायव्हरच्या कानाला तो भलतीकडूनच येतो. म्हणून ठोकताळ्यावर भाग मागवू नका. गाडी उचलून, चाक एका हाताने घट्ट धरून, दुसऱ्या हाताने शाफ्ट जॉइंटच्या जवळ पुढे-मागे पिरगाळून बघायला सांगा. चांगल्या बाजूला हाताला काही लागत नाही. झिजलेल्या बाजूला 'टक' अशी ढिलाई लागते. दोन्ही बाजू एकामागून एक तपासल्या की फरक नवख्याच्या हातालाही कळतो. तुमच्या हाताला तो लावून दाखवायला सांगा, त्यात कुणाला राग यायचं कारण नाही.

इथे एक गोष्ट कळवळून सांगतो. घरी गाडी उचलायचीच असेल तर नुसत्या जॅकवर तिच्या खाली जाऊ नका, आणि आधाराला चिरा तर अजिबात लावू नका. आपल्याकडे प्रत्येक घराच्या मागे चार चिरे पडलेले असतात, हात तिकडेच जातो. चिरा भिंतीत उत्तम. पण गाडीचा भार जॅकच्या जागी एका टोकावर येतो, आणि सच्छिद्र दगड न सांगता दुभंगतो. लोखंडी स्टँडच हवेत. मागच्या चाकांना दोन्हीकडून अटकाव हवा.

आता दुरुस्ती. आवाज सुरू झाल्यावर नुसता बूट बदलून ग्रीस भरलं तर आवाज काही दिवस दबतो, खळगा भरून येत नाही. जॉइंटच बदलावा लागतो. बहुतेक छोट्या गाड्यांना बाहेरचा जॉइंट सुटा मिळतो, अख्खा शाफ्ट लागेलच असं नाही. आतला सांधा आणि त्याचा बूट चांगला असेल तर सुटा जॉइंट घ्या. फक्त पार्ट नंबर गाडीच्या चेसिस नंबरवरून जुळवून घ्या, कारण दिसायला सारख्या जॉइंटमध्ये दात्यांची संख्या वेगळी निघते. एबीएस असेल तर काही गाड्यांत जॉइंटवरच त्याची दातेरी कडी असते, ती नव्यावर आहे ना ते बघा.

काम चालू असताना शेजारी उभ्या राहा. हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, मधला मोठा नट एकदा काढला की नवा घालावा, टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या मापाला आवळावा आणि त्याची कड पंचने खाचेत बसवावी. तो कमी आवळला तर व्हील बेअरिंग मरतं. शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढला असेल तर तिथून तेल सांडतं, तेवढं पुन्हा भरलं का ते विचारा. जॉइंटबरोबर येणारं ग्रीसचं पाकीट पूर्ण रिकामं करायचं असतं. साधं पिवळं ग्रीस चालत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. 1987 साली मी वडिलांच्या हाताखाली शिकत होतो. आमचं गॅरेज अँबेसिडरचं. वडील क्रॉसचा आवाज रस्त्याच्या पलीकडून ओळखायचे. आमच्याकडे पहिली पुढच्या चाकांची गाडी अशीच कटकट घेऊन आली. बूट फाटलेला होता. वडिलांनी जॉइंट पेट्रोलमध्ये धुतला, हाताशी होतं ते बेअरिंगचं ग्रीस भरलं, दुसऱ्या गाडीचा बूट चढवून मी तो बाइंडिंग तारेने बांधला. गाडी शांत झाली. आम्ही खूश. तीन आठवड्यांनी ती बाणस्तारीच्या पुलाच्या अलीकडे बंद पडली. तारेने रबर कापलं होतं आणि जॉइंट मधूनच सुटला होता. गाडीत बाळंतीण होती, पाऊस होता. वडिलांनी त्या गृहस्थांकडून जॉइंटचे पैसे घेतले नाहीत. त्या रात्री ते जेवले नाहीत हे मला आठवतं. तेव्हापासून आमच्याकडे बुटाला तार लागत नाही.

त्यामुळे घाटाबद्दल माझं उत्तर सरळ आहे. जॉइंट बदलेपर्यंत चोर्ल्याला जाऊ नका. नुकताच बोलायला लागलेला जॉइंट आज तुटेलच असं नाही, कित्येक महिने काढतोही. पण तुमचा आवाज चवथीपासूनचा आहे, आणि घाटातली तीव्र वळणं म्हणजे तुमच्या घराकडचा चढ पुन्हा पुन्हा. जॉइंट सुटला तर ब्रेक आणि स्टिअरिंग जागेवर राहतं, पण गाडीला ओढ राहत नाही. इंजिनाची सगळी ताकद तुटलेल्या बाजूने वाया जाते, चांगल्या चाकालाही काही मिळत नाही. अशा वेळी चढावर गिअरमध्ये टाकून गाडी उभी राहील असं समजू नका, तिला फक्त हँडब्रेक धरतो. ऑटोमॅटिकवाल्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं, 'पार्क'ही त्या वेळी धरत नाही. या महिन्यात आईंना बसने भेटून या. शाळेला जायला-यायला, हळू, तेवढे चार दिवस चालवा.

प्रश्न : सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा डाव्या चाकाचा बूट फाटला आहे असं सांगितलं. आवाज अजिबात नाही. अख्खा शाफ्ट बदलायला सांगतात. दुसरा मेकॅनिक म्हणतो, आवाज येईपर्यंत काही करू नका. कुणाचं ऐकू?
(एक वाचक, पेडणे)

उत्तर : दोघांचंही नको. हीच वेळ आहे बूट बदलायची, आणि या आठवड्यात. बूट किट काही शेकड्यांत येतं, जॉइंट काही हजारांत, शाफ्ट त्याहून महाग. आवाजाची वाट पाहणं म्हणजे पहिल्या खर्चावरून दुसऱ्यावर जाणं.

जॉइंट सोडवून पूर्ण धुवायला सांगा आणि एकेक गोळी बाहेर काढून खाचा बघा. बोटाचं नख खाचेतून ओढायचं. नख कुठे अडकलं नाही, फक्त चकचकीत पट्टा दिसला, तर जॉइंट चांगला आहे. गोळ्या ज्या खाचेतून निघाल्या त्याच खाचेत परत घाला. चिकटवायचे दोन तुकड्यांचे बूट मिळतात, शाफ्ट न काढता बसतात म्हणून लोक घेतात. मी ते गाडी घरी पोचवण्यापुरते वापरतो. आणि पट्टी धातूचीच, तिच्या पकडीने आवळलेली.

प्रश्न : मी दिवाडीला राहतो, रोज फेरीबोटीने जुन्या गोव्याला येतो. बोटीवर गाडी लावताना जागच्या जागी स्टिअरिंग फिरवलं की पुढून 'टंग्' असा, स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येतो. चालत्या गाडीत काही नाही. हा एक्सलचा जॉइंट का?
(एक वाचक, दिवाडी)

उत्तर : नाही. चाक फिरतच नसेल तर गोळ्या खाचेतून सरकत नाहीत, एक्सलच्या जॉइंटला बोलायला कारणच नाही. तुमचं वर्णन शॉकअपच्या वरच्या माउंटिंगकडे बोट दाखवतं. शॉकअपचा सांगाडा स्टिअरिंगबरोबर फिरतो, त्याच्या डोक्यावर एक बेअरिंग असतं. ते गंजून अडकलं की स्प्रिंग पिळली जाते आणि मग एकदम सुटते, 'टंग्'.

बॉनेट उघडून एका माणसाला स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि शॉकअपच्या टोकावरच्या टोपणावर तळहात ठेवा. बोटं स्प्रिंगच्या वेटोळ्यात घालू नका. सुटल्याचा धक्का तळहाताला लागला की ती बाजू सापडली. तो वरून लागला नाही, तर खाली लोअर आर्मचा बॉल जॉइंट आणि रॅक एंड (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा सांधा) बघावे लागतील. बॉल जॉइंटमध्ये ढिलाई निघाली तर ते काम त्याच दिवशी करा, तो सुटला की चाक आडवं पडतं.

तुमच्यासाठी आणखी एक. बोटीच्या धक्क्यावर भरतीचं खारं पाणी चाकांना लागतं. आठवड्यातून एकदा चाकांच्या आतून गोड्या पाण्याचा पाइप फिरवा. खारं पाणी बुटाच्या पट्ट्या आणि ही बेअरिंगं दोन्ही खातं. पाण्याचा जोराचा फवारा मात्र बुटाच्या तोंडावर जवळून मारू नका.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडी घेऊन वर्ष झालं. रिव्हर्स घेऊन मग पुढे निघालो की पहिल्या हातभर अंतरात एकच 'टक्'. नंतर काही नाही. इंजिन नाही, मग हा आवाज कसला?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : इंजिन नसलं तरी मोटारीपासून चाकापर्यंत तेच शाफ्ट आणि तेच सांधे आहेत. उलट मोटारीचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण असतो आणि इंजिनाचा गोंगाट नसतो, म्हणून पेट्रोल गाडीत लपून राहणारे बारीक आवाज इथे ऐकू येतात.

दिशा बदलल्यावर एकदाच येणारी 'टक्' दोन ठिकाणांहून येते. एक, ब्रेक पॅड आपल्या चौकटीत किंचित सरकतात. निघताना ब्रेकवर पाय हलका ठेवून बघा. टक् तिथेच झाली तर ती पॅडची, त्यांच्या क्लिपा तपासून घ्या. दुसरं, शाफ्टचा जॉइंट हबला जिथे टेकतो तिथे दोन पोलादी तोंडं एकमेकांवर केसभर सरकतात. त्यासाठी हबचा नट काढून, ती तोंडं आणि दाते साफ करून, योग्य ती पेस्ट लावून, नवा नट मापाने आवळतात. तुमची गाडी वॉरंटीत आहे, तेव्हा हे काम कंपनीच्या सेंटरलाच करून घ्या, आणि जाताना मोबाइलवर आवाज टिपून न्या. तिथे गेल्यावर तो हमखास येत नाही.